खरं बोलण्याची घाई

वर्धा,
१३ फेब्रुवारी १९८४

चि. श्रावण यास,
आत्याचे आशीर्वाद.

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. सूनबाईचा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. माझी प्रकृती ठीक. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे, पण सुईत दोरा अजून ओवता येतो. मागच्या पडवीची कौलं फेरून घेतली.

कार्डावर दोनच ओळी आहेत. "सभेला येणार नाही. जिने मला पोलिसांच्या हाती दिलं, तिच्या फोटोसमोर मी उभा राहू शकत नाही." ठीक.

तरी शोकसभेचं कळवते. येत्या रविवारी, १९ तारखेला, सकाळी नऊ वाजता कुष्ठधामाच्या प्रार्थनेच्या ओट्यावर आहे. ताराबाईंच्या आयुष्यावर मी बोलावं असं चिटणीस विमलाबाईंनी ठरवलं. तीस वर्षांची मैत्रीण म्हणून. भाषण आधी लिहून द्या म्हणाल्या, मी चार पानं दिली. त्यातलं बरंचसं तुला ठाऊक नसेल. तू तिच्याकडे चारच दिवस होतास, आणि त्या चार दिवसांत बोलत होतास तूच.

तिचं नाव तेरेझ. तारा हे इथल्या रोग्यांनी केलं. फ्रान्समध्ये लिआँ शहराजवळच्या एका गावात तिचे वडील जोडे शिवत. "मी चांभाराची पोर हाय," असं ती कोणालाही पहिल्या भेटीतच सांगे, आणि आमच्या वर्ध्याची भली मंडळी घाईने विषय बदलत. मराठी ती रोग्यांकडूनच शिकली, त्यामुळे अस्सल वऱ्हाडी बोलायची. कलेक्टरशीही.

जर्मनांनी तिचा देश घेतला तेव्हा ती पस्तिशीची होती. भूमिगत लोकांच्या चिठ्ठ्या जोड्यांच्या टाचेत शिवून पोचवायची. पुढे ज्यू मुलांना डोंगरातून स्वित्झर्लंडच्या हद्दीपलीकडे नेऊ लागली. निघण्याआधी प्रत्येकाचे जोडे स्वतः दुरुस्त करायची, कारण पायाला फोड आलेलं मूल रडतं आणि रडणं पहाऱ्यावर ऐकू जातं. अशी एक्केचाळीस मुलं. बेचाळिसाव्या मुलाला नेताना नव्हे, तर बाजारात भाजी घेताना पकडली गेली. दोन बोटांची नखं गेली. दुसऱ्या तुरुंगात हलवताना चालत्या ट्रकमधून तिने उडी मारली आणि मोडक्या घोट्याने सहा दिवस चालली. युद्ध संपल्यावर निर्वासितांच्या छावण्यांना ट्रकने धान्य पोचवलं. मग बोटीने मुंबई, आणि सात महिने भूदानाच्या पदयात्रेत.

इथे ती थांबली ती डोमाजीमुळे. डोमाजी कुष्ठधामातून बाजाराला गेला होता. चपलेचा खिळा तळव्यात रुतलेला, मागे रक्ताची रेघ, आणि हा विड्या ओढत मजेत परत येत होता. त्याच्या पायाला काही कळतच नव्हतं. तिने त्याला रस्त्यातच बसवून खिळा काढला. तेव्हापासून एकही खिळा नसलेल्या, रबरी तळाच्या, हाताने शिवलेल्या चपला ती करत राहिली. रोज संध्याकाळी सगळ्यांना ओळीने बसवून म्हणायची, "तळवे दाखवा रे. तुमाले दुखत नाई, म्हनून पाहा लागते."

आमचं एका गोष्टीवरून कायम वाजायचं. बापूजींनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, एक्केचाळीस साली सत्याग्रह केला तेव्हा 'उद्या सकाळी दहा वाजता चौकात कायदा मोडणार आहे' असं पत्र आदल्या दिवशी स्वतः ठाण्यात नेऊन दिलं होतं. ते ऐकून ताराबाई पोट धरून हसली.

"आधी चिठ्ठी देत पोलिसाले! अन् मी टाचेत लपवत होती. दोघंई जेलातच गेलो न वं?"

"माझ्या वडिलांना कधी लपावं लागलं नाही," मी म्हणाले.

"माह्या पोराइले लागलं," ती म्हणाली, आणि हसायची थांबली.

आता १९७५ च्या नोव्हेंबरकडे येते. आतापर्यंतची पानं मी त्याच्या भोवतीच फिरवली, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

आणीबाणीविरुद्ध पत्रकं छापल्याबद्दल तुझ्यावर वॉरंट होतं. रोगाच्या भीतीने पोलीस कुष्ठधामात पाऊल टाकत नाहीत, म्हणून तू तिथे आलास. चामड्याच्या खोलीत तू आहेस हे तिघांना माहीत होतं. ताराबाई, डोमाजी आणि मी. पाचव्या दिवशी पोलीस सरळ त्याच खोलीत शिरले. ताराबाईंचा इथे राहण्याचा परवाना त्याच महिन्यात संपत होता, तो आठ दिवसांनी वाढवून मिळाला, आणि तुला पुरावा मिळाला.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत फौजदार माझ्या शाळेत आला होता. टोपी काढून समोर बसला. म्हणाला, "बाई, अख्खा जिल्हा म्हणते की तुम्ही खोटं बोलत नाही. तुमचा भाचा कुठे आहे?"

मी सांगितलं. खोलीसुद्धा सांगितली. नंतर त्याला चहा पाजला.

भीती नव्हती. बापूजींचा नातू चामड्याच्या ढिगात लपतो, त्यापेक्षा मान वर करून तुरुंगात जावा, असं मला वाटलं. पंधरा दिवसांत सुटेल असंही वाटलं. 'सांगणार नाही' एवढं म्हटलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. हे तेव्हा सुचलं नाही, असं लिहिणार होते. सुचलं होतं. पण जिल्हा माझ्याबद्दल जे म्हणतो, ते मला ऐकायला आवडत होतं.

संध्याकाळी ताराबाईंकडे जाऊन मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती टाके घालत होती.

"आमाले शिकवलं होतं," ती म्हणाली. "पकडलं, तं दोन दिवस तोंड उघडाचं नाई. तेवढ्यात बाकीचे पळतात. मंग सांगून टाका, कोनी नाव ठेवत नाई." तिने दोरा तोडला. "तुले तं कोनी मारत बी नव्हतं, कोकिळा. खरं बोलाले एवढी घाई काऊन केली वं? चहा आधी पाजती. तेवढ्यात मले एक चिठ्ठी धाडती. पोट्टा नागपूरच्या गाडीत बसला असता."

डोमाजी तिथेच होता. तो भडकला. "मी सांगतो त्या श्रावणले!"

"तू गप्प राह्य. ते तिचं काम हाय. ते सांगन."

जानेवारीत रूपराव गेला. तुझा पॅरोल चौथ्या दिवशी आला, तोवर राख सावडून झाली होती. अंगणात उभा राहून तू म्हणालास, "त्या गोऱ्या बाईनं मले बापाचं तोंड पाहू देलं नाई." मी तुझं पान वाढत होते. भात वाढला, वरण वाढलं.

नंतर चौदा महिन्यांनी तू सुटलास, तेव्हाही बोलले नाही. तू मला कधी विचारलं नाहीस. विचारलंस तर खरं सांगेन, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. तिच्यावर आठ वर्षं काढली.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळी अंकात तुझ्या तुरुंगाच्या आठवणी आल्या. ताराबाईंना छापील मराठी नीट वाचता येत नसे. तिने अंक माझ्यापुढे ठेवला. "वाच." मी वाचला. 'परवान्यासाठी तिने मला विकलं' हे वाक्यही वाचलं. आवाज कुठे अडला नाही. पंचवीस वर्षं वर्गात वाचून दाखवण्याची सवय आहे.

"चांगलं लिहिते पोट्टा," ती म्हणाली. मग, "तू अजून सांगतलं नाई." तो प्रश्न नव्हता. त्यानंतर तिने विषय काढला नाही. शेवटच्या आठवड्यातही नाही. जिल्ह्यात लोक तिला पाहून कुजबुजत, शिवणकाम शिकायला येणाऱ्या दोन मुली यायच्या बंद झाल्या, तरी नाही.

४ तारखेला ती गेली. एकोणऐंशी वर्षांची होती. दहनाची परवानगी, फ्रान्समध्ये तिच्या भाच्याला तार, सभेच्या चिठ्ठ्या, सगळं मी केलं. डोमाजी म्हणाला, "बाई, तुमाले काईच नाई वाटत?" तो अनवाणी उभा होता. मी त्याला आधी चपला घालायला सांगितल्या. मला खरोखरच काही वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही. हे मोठेपणा म्हणून लिहीत नाही, तसं आहे म्हणून लिहिते.

विमलाबाईंनी माझी चार पानं परत पाठवली आहेत. शेवटच्या पानावर फुली. "कोकिळाताई, हे सभेत नको. संस्थेचं नाव आहे, तुमचंही आहे." पान मी पुन्हा स्वच्छ लिहून काढलं. रविवारी ते मी वाचणार आहे. पण सभेला दीडशे माणसं असतील, आणि तुझा लेख हजारोंनी वाचला. म्हणून हे पत्र त्याच अंकाच्या संपादकांना पाठव. एक शब्द गाळू नकोस. चहाचं वाक्यही गाळू नकोस. क्षमा मी मागत नाही, तुला ती द्यावी लागेल असं काही मनावर घेऊ नकोस.

सभेला यावंस की न यावंस, ते तुझ्यावर. माझ्याकडे जेवायला यायचं की नाही, तेही.

तुझी आत्या, एवढीच सही मी तुला नेहमी करते. पण छापायला द्यायचं, तर माणूस कोण ते कळलं पाहिजे.

कोकिळा बापूजी चौधरी
(सेवानिवृत्त मुख्याध्यापिका)
कै. रूपराव बापूजी चौधरी यांची सख्खी बहीण