सुवर्णाची अट

१२ जाने.
पिंकीला रक्त चढवायला नगरला नेले. नऊ वर्षांची माझी बहीण, थॅलेसेमियाची. सुई टोचताना सिस्टरना म्हणते, "मागची पिशवी कुना झोपाळूची हुती. या येळंला क्रिकेटवाल्याची द्या." अख्खा वॉर्ड हसला. मला सुईकडे बघवले नाही.

१४ जाने.
मामाची सुवर्णा मला करायची, असे आई-मामाचे ठरले. आनंद झाला. कोणाला बोललो नाही.

१६ जाने.
सुवर्णा सर्वांसमोर म्हणाली, आधी दोघांची रक्ततपासणी, मग साखरपुडा. पिंकीत एक दोष आईकडून आला, एक दादांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून. आईत आहे तर तिच्या भावातही, म्हणजे मामातही असू शकतो. मग सुवर्णातही.
आई भडकली. "माझ्या म्हायेराचं रगात तपासती व्हय गं?"
"आत्या, घोडेगावच्या बाजारात म्हैस घेताना धार काढून बघता ना? मग मलाच कशी न बघता दावणीला बांधता?"
मामा हसू दाबत बाहेर गेला. काय मुलगी आहे!

१९ जाने.
तपासणीला रक्त दिले. परवापासून बीट, खजूर खात होतो, रिपोर्ट चांगला यावा म्हणून. डॉक्टर म्हणाले, "अरे, हे जन्माचं आहे. तांबड्या पेशी कशा घडवायच्या, तेच आईबापाकडून चुकीचं आलेलं असतं. खजूर काय करणार? आणि पिंकीला तर चढवलेल्या रक्तातून लोह जास्तच होतं. ते काढायलाच तिच्या गोळ्या."
आई तिला रोज गूळ-शेंगदाणे भरवते. घरी येऊन सांगितले. गुळाचा डबा वरच्या फळीवर गेला.

२४ जाने.
माझ्यात दोष आहे. मी वाहक. मला स्वतःला त्रास नाही. सुवर्णातही निघाला तर प्रत्येक मुलाला पिंकीसारखे होण्याची भीती. गर्भातच तपासता येते म्हणे, पण पुढे काय...
तिला फोन केला. सांगताना रडू आले.
"रडतो काय? तुला काय धाड भरलीय? माझा रिपोर्ट मंगळवारी यील."
"आणि तुझ्यातबी असला तर?"
"मग दोघं बसून ठरवू. आत्याला आन् माझ्या बापाला मधी घ्यायचं न्हाई."

२७ जाने.
सुवर्णाच्या रिपोर्टसाठी आलोय, दवाखान्यात बाकावर बसून लिहितो आहे. आई आपणहून आली. मघाशी हळूच विचारते, "धाकट्या मामाच्या पोरांचंबी तपासाय पायजे का रे?"
सुवर्णा ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणजे तिलाही भीती वाटते. तरी नाव पुकारताच उठली. मीही उठलो, तर म्हणाली, "बस तू. आधी मला कळू दे."
अजून आतच आहे.