कपाटातली अ‍ॅक्शन

॥ श्री ॥

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
२ सप्टेंबर १९८६

ती. पद्मिनीवन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुमच्या फोनवर मी गप्प राहिले. लांबच्या फोनला मिनिटाप्रमाणे पैसे पडतात आणि रागाला मिनिटं फार लागतात. पत्राला बावीस सेंटचं तिकीट पुरतं. कागद पाठकोरा आहे, चालवून घ्या.

सुलेखाला तुमच्या नेपरव्हिलच्या घरी ठेवली ती कॉलेजसाठी. सख्खी आत्या, शिवाय डॉक्टर. देवधर्म नसला तरी पोळीभाजी आहे, एवढं पाहून ठेवली. तुमचे यजमान अनिलराव तिला विस्कॉन्सिनला नेऊन बंदूक शिकवतात, ती हजार यार्डांवरच्या कागदावर नेम धरते, हे मला जोशी काकूंकडून कळलं. कागदाला जीव नसतो, म्हणून तेही गिळलं.

पण आता तिच्यासाठी खास बंदूक घडवायची आणि त्यासाठी नवी अ‍ॅक्शन विकत आणायची, हे कशाला? अ‍ॅक्शन म्हणजे काय ते मला शिकवू नका. नळी आणि दस्ता यांच्या मधला पोलादी भाग, ज्यात दाराच्या कडीसारखा बोल्ट मागेपुढे सरकतो. तशी एक ह्यांनी आठ वर्षांपूर्वी घेतली होती. तेलाच्या कागदात गुंडाळून, चिकटपट्ट्या लावून कपाटात ठेवली. नळी बसवायची राहिली आणि तीन वर्षांपूर्वी हे गेले.

अशी वस्तू घरात आणली म्हणून मी भांडले होते. तेव्हा म्हणाले होते, हिच्या पोटात गोळ्यांचा खण नाही, एका वेळी एकच गोळी, ही शिकारीची नव्हेच, नेम धरायची. कुणासाठी म्हणून विचारलं तर नुसते हसले.

बापाची वस्तू घरात असताना दुसरी विकत घ्यायची रीत माझ्या घरात नाही. बंदूक घडेल तर ह्याच अ‍ॅक्शनवर. नाहीतर घडणार नाही.

मोठ्यांना नमस्कार लिहावा असं आईने शिकवलंय, म्हणून लिहिते.

मृणालिनी


नेपरव्हिल, इलिनॉय
११ सप्टेंबर १९८६

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाठकोरं पत्र मिळालं. पलीकडच्या बाजूला तुझ्याकडच्या किराणा दुकानाची जाहिरात होती, तीही वाचली. तिच्यात गोडवा जास्त होता.

दिगूने घेतली ती अ‍ॅक्शन वाईट आहे असं मी म्हणालेच नव्हते. तुझं वर्णन वाचून अनिल तर खूश झाला. खालून खण कापलेला नसला की पोलाद वाकत नाही, आणि लांब पल्ल्याला तेच लागतं. त्याने डाव्या हाताच्या दोन पाहून ठेवल्या होत्या. एक लष्करी घाटाची, मजबूत, पण घोडा ओढल्यावर पिन पडायला उशीर लावणारी. दुसरी शिकारी बंदुकीतली, तिला लेथवर चढवून सरळ करावं लागलं असतं. दिगूने घेतली ती दोन्हींपेक्षा सरस.

पण दिगू उजवा होता. म्हणजे अ‍ॅक्शन उजवी, हँडल उजवीकडे. आणि सुलेखा डावरी आहे. लिहिण्यात नाही, त्याचा बंदोबस्त तू तिच्या लहानपणी हाताला फडकं बांधून केलास. पण डोळा कसा बांधणार? तिचा जोरकस डोळा डावा. पालथी पडली की बंदूक आपोआप डाव्या खांद्याला जाते. मग उजवीकडच्या हँडलसाठी हात स्कोपवरून पलीकडे न्यायचा, कोपर उचलायचं, गाल सुटतो, सगळी मांड मोडते. प्रत्येक गोळीनंतर तेच. ती पुन्हा जमेपर्यंत वारा बदललेला असतो. जुलैतल्या स्पर्धेत अनिलची उजवी बंदूक घेऊन ती आठवी आली. क्लबातले म्हातारे म्हणतात, नेम सगळ्यांत चांगला हिचाच.

पुढच्या उन्हाळ्याचा क्लबाचा संघ वसंतात निवडतील. कारागिराला अ‍ॅक्शन ऑक्टोबरअखेर हवी, नाहीतर त्याचा नंबर निघून जाईल. सुलेखा म्हणाली, आई नाही म्हणत असेल तर सोडून देते. हसत म्हणाली. त्या हसण्याची मला भीती वाटते.

हट्ट कमी व्हावा, बाकी क्षेम.

पद्मिनी


॥ श्री ॥

मॉरिसव्हिल
२० सप्टेंबर १९८६

ती. पद्मिनीवन्सं यांस,
नमस्कार. साष्टांगाला आज कंबर वाकत नाही.

फडक्याची गोष्ट काढलीत, बरं झालं. फडकं मी बांधलं, पण गाठ कशी मारायची ते तुमच्या मातोश्रींनी दाखवलं. सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, सून शिकलेली नसली तरी नात तरी वळणाची हवी. तेव्हा तुम्ही सोफ्यावर बसून चहा पीत होतात. एक शब्द बोलला नाहीत. आता बोलता.

सुलेखा डावरी नाही. माझी मुलगी उजव्या हाताने लिहिते, जेवते, रांगोळी घालते, आरती ओवाळते. तुमच्या घरी दोन वर्षं राहिली आणि डावरी झाली! देवघर नसलेल्या घरात आणखी काय होणार? उजव्या खांद्याला बंदूक लावायची सवय करा, होईल. पोरीला सवय लागते, मी लावून दाखवली आहे.

ह्यांची वस्तू सोडून परक्याची घेतलीत तर मी तिला नाताळात घरी घेऊन येईन. शिकायला इथेही कॉलेजं आहेत. अनिलरावांना सांगा, हौस असेल तर स्वतःची मुलगी असती तर...

ते वाक्य खोडलं आहे. पण तुम्ही वाचाल हे ठाऊक आहे. वाचा.

मृणालिनी


नेपरव्हिल
१ ऑक्टोबर १९८६

मृणालिनीस,

वाचलं. अनिलला दाखवलं नाही.

आता एकच काम कर. तू मॅट्रिक झालीस, तेव्हा डावं-उजवं कळत असेल. ते पुडकं उघड. नळी बसवायला आत आटे कापलेलं टोक तुझ्यापासून लांब, समोर धर. हँडल तुझ्या उजव्या हाताकडे निघेल. ते डोळ्यांनी बघ आणि मग मला लिही की दिगूने ही लेकीसाठी ठेवली. नाही ठेवली. माझ्या भावाने ती स्वतःच्या हौसेसाठी घेतली, आणि तुझ्या कटकटीपायी ती कपाटात मेली, त्याच्यासारखीच.

पूजेत मात्र ठेवू नकोस. कुंकवाचं पाणी लागलं की पोलाद गंजतं, आणि गंजलेली अ‍ॅक्शन कोणत्याच हाताच्या कामाची नाही.

पद्मिनी


॥ श्री ॥

मॉरिसव्हिल
खंडेनवमी, १९८६

ती. पद्मिनीवन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. पुडकं उघडायला मी आजचा दिवस धरला. शस्त्रपूजनाला विळी, सुरी, कात्री, ह्यांचा पाना मांडला आणि त्यांच्याशेजारी पुडकं ठेवलं. चिकटपट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, कात्रीने कापल्या. तेल अजून ओलं होतं.

तुम्ही लिहिलंत तसं आट्यांचं टोक समोर धरलं. हँडल डावीकडे आहे.

मला वाटलं, मीच उलटं धरलं. ठेवलं, हात पुसले, पुन्हा धरलं. डावीकडेच आहे. बोल्ट ओढून पाहिला, तोही डाव्या हातालाच सोपा जातो. उजव्याने ओढायला गेले तर कोपर उचलावं लागलं, तुम्ही म्हणता तसंच.

वन्सं, हे घेतलं तेव्हा सुलेखा अकरा वर्षांची होती. फडकं सुटून सहा वर्षं झाली होती. ती उजव्या हाताने सगळं करायची, हे तेही रोज ताटावर बसून बघत होते. आणि तरी डावी आणली. ह्यांच्या हाताला तिचा काही उपयोग नव्हता.

मला सांगितलं नाही. मी भांडले असते, हे खरं. पण तुम्ही तर सख्खी बहीण, दर उन्हाळ्यात ह्यांना बंदुकीच्या मैदानावर नेणाऱ्या. तुम्हालाही सांगितलं नाही. स्वतःच्या हौसेसाठी घेतली, असं तुम्ही लिहिलं होतंत. ते वाक्य तुम्हाला परत करते. माझ्या घरात ठेवायला जागा नाही.

बंदुकीचा नोंदणी नंबर ह्याच तुकड्यावर असतो आणि कायदा ह्यालाच बंदूक मानतो, म्हणून टपालात टाकली नाही. इथल्या लायसन्सवाल्या दुकानदाराकडे नेऊन देईन, तो तुमच्या कारागिराला पाठवेल. पोलादाला पाण्याचा थेंब लागू दिलेला नाही. कुंकवाचं बोट वरच्या कागदावर ओढलं आहे. कारागिराने कागद फेकायच्या आधी तेवढा मागून घ्या.

नवी विकत आणू नका. मी म्हणाले होते, ह्याच अ‍ॅक्शनवर घडेल. ह्याच अ‍ॅक्शनवर घडते आहे.

माझ्यावर लोभ असावा असं लिहीत नाही. पोरीवर आहे, तेवढा पुरे.

मृणालिनी

ता. क. सुलेखाला हे सगळं सांगा, फोनवर मला जमणार नाही. बाबांनी तिच्यासाठी निवडून ठेवली होती म्हणावं, तिच्याच हाताची. आणि हेही सांगा, की दिवाळीला घरी आलीस की तीर्थ उजव्या हातावरच मिळेल.