चारही स्क्रू मीच आवळले

मंगळवार, संध्याकाळ

कॉम्प्युटर आज परत तापून बंद पडला. दादाला तेवढंच हवं होतं. "तयार घे म्हणत होतो. आता दे दुकानात." नाही देणार! सुटे भाग आणून मी जोडलाय, मीच बघेन.

प्रोसेसरवरचा पंखा काढला. खालची, उष्णता वर नेणारी पेस्ट एकाच बाजूला दबलेली. म्हणजे मी एक स्क्रू आधीच पूर्ण आवळून टाकला होता? चाकणला कंपनीत दिवसभर चाकांचे नट समोरासमोर, थोडे थोडे आवळते, आणि घरी ही घाई!

नवी पेस्ट लावली. चारही स्क्रू नटांसारखेच आवळले. तासभर गेम खेळले, काही तापलं नाही.

दादा डोकावला. "चालू झाला? दुरुस्तीला कोण येऊन गेलं?"

"कंपनीतली बाई. इथेच राहते. दमलीये, आज भाकरी तू टाक."