तेलावर गंधक

प्रिय कोरिन,

बाबांचे गुलाब जळाले गं. ऐन मे महिन्यात पानं कडेने तपकिरी होऊन गळताहेत. शेजारणीने, वांडानेच, कुंपणावरून काहीतरी फवारलं, असं बाबांचं म्हणणं. काल तिच्या दारात जाऊन ओरडून आले, "माझ्या झाडांवर कसला डूख धरलायस गं?" ती बिचारी हातातली केकची थाळी घेऊन तशीच उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आपल्या सेलमच्या पावसात गुलाबाच्या पानांवर भुरीची पांढरी बुरशी यायचीच, म्हणून अख्खी आळी बाबांना विचारून गंधक मारते. तुला आठवतं ना, कुणी कुंपणाशी आलं की यांची आधी उलटतपासणी! "मावा किडीसाठी तेल फवारलंयस का? मग महिनाभर गंधकाचं नाव काढू नकोस, पानं भाजून निघतील." वांडा तर चिडवायची, "थॅड, तुझ्या थडग्यावर हेच कोरून घेऊ."

सोमवारी बाबांनी सगळ्या गुलाबांवर तेल फवारलं. गुरुवारी मी भांडी घासत होते, तर हे नाकाला रुमाल बांधून त्याच झाडांवर गंधक मारताहेत. मला वाटलं, असेल काही नवीन युक्ती. यांना मी काय शिकवणार? पानं करपली तेव्हा हळूच विचारलं, तर माझ्याकडे बघत म्हणाले, "अगं, यंदा तेलाची बाटली मी उघडलीसुद्धा नाही." बाटली अर्धी रिकामी आहे, कोरिन. ते खोटं बोलत असते तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ते गॅरेजमध्ये गेले की मी काहीतरी निमित्त काढून मागे जाते. मग चिडतात, "पहारा करतेस काय माझ्यावर?" परवा गंधकाचा डबा मला स्वयंपाकघरात, खालच्या कप्प्यात, पिठाशेजारी सापडला. तू रांगायला लागल्यापासून त्यांनी तो कधी कुलपाबाहेर ठेवला नव्हता. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रक्तदाब तपासायचाय, एवढंच त्यांना सांगितलंय.

हे फोनवर बोलता येत नाही, तुझा आवाज आला की ते लगेच शेजारी येऊन बसतात. जूनमध्ये तू छोट्या टेसाला आमच्याकडे ठेवून कामावर जाणार आहेस. बाबांनी तिच्यासाठी झाडांना पाणी घालायची एवढीशी झारी आणलीय, रोज पुसून ठेवतात. तरी सांगते, तिला इथे ठेवू नकोस. मी एकटी दोघांवर लक्ष ठेवू शकणार नाही. आणि त्यांनी विचारलं तर सांग, आईचे गुडघे फार दुखतात, तिला लेकराच्या मागे धावणं झेपायचं नाही. माझ्यावर रागावले तर रागावू देत.

तुझीच,
आई