नारळाच्या दुधातली फरसबी

शीरा बेटा,

पेणहून एसटीने दमून येशील, तेव्हा आधी पाणी पी आणि मग ओव्हन उघड. आत फरसबी आहे. तू शिकवतेस त्या शाळेतल्या बाईंनी रामवाडीला त्यांच्या घरी खाऊ घातली होती ना, साय घालून, वर काजू लावून भाजलेली, तीच. शुक्रवारी आपल्याकडे कोंबडी असते आणि आपल्या धर्मात मांसाबरोबर दूध-साय चालत नाही, म्हणून तुझी ती करायची राहून गेली. मी सायीऐवजी नारळाचं घट्ट दूध घातलं आणि चमचाभर तांदळाचं पीठ लावलं. नारळ शेजारच्या पारीने खवून दिला. चाखून म्हणाली, "बाबा, लय भारी झालीय, पण ही भाजी हाय का खीर?" पुन्हा वाढली तेव्हा मात्र नाय म्हणाली नाही. वर झाकण ठेवू नकोस, काजू मऊ पडतील.

काल नथानियलचा इस्रायलहून फोन आला, तेव्हा तू त्याला म्हणालीस, "बाबा येणार नसतील तर मीही येत नाही." मी आतून ऐकलं. तुझ्या सासूची कबर इथे आहे, ती मला सोडवत नव्हती. पण तुम्ही नवराबायकोने माझ्यापायी असं लांब लांब किती राहायचं?

मी पूल ओलांडून रोह्याला स्टुडिओत चाललोय. पासपोर्टला फोटो लागतात. संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावायच्या आत परत येतो. नथानियलला तू काही कळवू नकोस. त्याचा पुढचा फोन मी उचलणार आहे.

बाबा