भागीदार म्हणजे कोण

रेम्बांग,
१२ ऑगस्ट २०१८

लाडक्या रुमिनी,

अस्सलामु अलैकुम. इकडे गुडघे सोडले तर आई बरी आहे. तू सेमारांगला मोठ्या ऑर्डरच्या कामाला गेली आहेस, असंच तिला अजून सांगतो आहोत. परवा म्हणाली, "एवढं कसलं मेलं काम? सणाला तरी सोडतील ना पोरीला?" मी भाताचं भांडं उचललं आणि आत निघून गेले.

तुझी चिठ्ठी वकीलबाईंनी दिली. "म्बाक, माझी मोठी बहीण तू, रविवारी हॉलमध्ये अख्ख्या गावाला धंद्याचे शब्द शिकवतेस, मग मलाही आरोपपत्रातले शब्द सोपे करून सांग. इथल्या बायका विचारतात मी काय केलं, आणि मला सांगता येत नाही." आधी हसूच आलं. लहानपणी मी शिकवायला बसले की तू वही माझ्या अंगावर फेकायचीस. पुन्हा वाचली तेव्हा हसू आलं नाही.

तर ऐक. 'निष्काळजीपणामुळे मृत्यू' म्हणजे तू कुणाला मारलंस असं नव्हे. जे सांभाळणं तुझं काम होतं ते तू सांभाळलं नाहीस आणि त्यात माणसं गेली, असा त्याचा अर्थ. कारखान्याचा बॉयलर फुटला, तुझा भागीदार गुनादी गेला, क्रुपुकच्या पापडांचं पीठ वाफवणाऱ्या दोघी गेल्या. बॉयलरची तपासणी दोन वर्षं झाली नव्हती. ती करून घेणं कुणाचं काम होतं, एवढाच खटला आहे.

आणि ते ठरतं भागीदारीच्या करारावरून. भागीदार दोन तऱ्हेचे. सक्रिय भागीदार धंदा चालवतो, सह्या करतो, आणि काही वाईट झालं तर मान त्याची अडकते. निष्क्रिय भागीदार नुसतं भांडवल घालतो. हॉलमधल्या बायकांना मी स्लामेतानच्या गावजेवणाचं उदाहरण देते. शेजारच्या घरी जेवण असलं की कुणी तांदूळ पाठवते, कुणी बाह्या सारून चुलीपाशी उभी राहते. भात करपला तर तांदूळ पाठवणारीला कुणी बोल लावत नाही. यावर सुमिरा म्हणाली होती, "मग माझी सासू कुठली भागीदार, बाई? ती तांदूळही देत नाही, चुलीपाशीही येत नाही, नुसती मीठ कमी आहे म्हणून सांगते!" सगळा हॉल हसला होता. पीठ वाफवणाऱ्या त्या दोघींतली एक सुमिराच.

तू तांदूळ पाठवणारी होतीस. लग्नातलं सोनं मोडून पैसे घातलेस, बाकी काही पाहिलं नाहीस. पण करारात तुझ्या नावापुढे 'सक्रिय' आहे. "मी तो बॉयलर कधी पाहिलासुद्धा नाही," असं तू पोलिसांना सांगितलंस. ते खरं आहे. पण हे सांगायला गुनादी उरला नाही, आणि कोर्ट कागद बघतं.

'जामीन' राहिला. तो वकीलबाई माझ्यापेक्षा चांगला समजावतील. मी उगाच वेळ काढते आहे.

चिठ्ठीच्या तळाशी तू बारीक अक्षरात लिहिलंस, "पण असं लिहिलं कसं गेलं?"

मी लिहिलं. करार मीच टाइप केला. आमच्या नोटरीसाहेबांच्या ऑफिसात नवा करार कुणी पहिल्यापासून लिहीत नाही. जुना उघडायचा आणि नावं बदलायची. मी दोन भावांचा करार उघडला होता, दोघेही सक्रिय. नावं बदलली, तो शब्द तसाच राहिला.

तरीही चूक सापडली असती. नोटरीने करार साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचा असतो. सह्यांच्या त्या शुक्रवारी साहेबांना नमाजाला जायचं होतं. घड्याळ बघत म्हणाले, "वाचू का?" आता आपल्यात वडीलधाऱ्या माणसाला "हो, वाचा" असं कोण म्हणतं? म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही, असं तोंडावर सांगितल्यासारखं. तरी तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवून 'नको' म्हटलं. साहेबांपुढे माझी बहीण आगाऊ दिसू नये, एवढ्यासाठी. तू लगेच वाकून म्हणालीस, "नको साहेब, आमचा विश्वास आहे." तो विश्वास माझ्यावर होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

सोमवारी कराराची पानं दोऱ्याने शिवताना मला तो शब्द दिसला. दुरुस्तीला सगळ्यांना परत बोलवावं लागलं असतं, साहेबांनी चारचौघांत झापलं असतं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. असे आठवडे करत तीन वर्षं गेली. दर ईदला तू क्रुपुकची पिशवी घेऊन यायचीस, आणि मी ती हसून घ्यायचे.

आता एकच शब्द राहिला, साक्षीदार. करारावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे, म्हणजे 'हा माझ्यासमोर वाचला गेला' असं मी लिहून दिलं आहे. जूनमध्ये पोलीस ऑफिसात आले, तेव्हा साहेब माझ्याकडे बघत होते. मी जबानी दिली, "वाचला. अक्षर न् अक्षर." तू तेव्हा कोठडीत होतीस आणि मला ते माहीत होतं. भेटीच्या दिवशी मी येत नाही, ते पाठ दुखते म्हणून नव्हे गं.

गुरुवारी कोर्टात मला हेच शपथेवर विचारतील. मी स्वतःला ओळखून आहे. साहेब समोर बसले की माझी जीभ लुळी पडेल. म्हणून हे पत्र आधी वकीलबाईंना वाचायला दिलं. त्यांनी प्रत काढून ठेवली आहे, आता मला मागे फिरता येणार नाही. त्या म्हणाल्या, करार वाचला नव्हता हे मानलं गेलं तर त्या कागदाचं वजन कमी होईल, पण तू सुटशीलच असं नाही. माझ्यावर खोट्या जबानीचा खटला होईल, ते मात्र नक्की.

आईला दोघींबद्दल काय सांगायचं, ते मला सुचलेलं नाही.

ईदला आपण सरसकट सगळ्यांची माफी मागतो. तशी ही मागता येत नाही, म्हणून मागत नाही. तुझी बहीण असं लिहायला हात धजत नाही, तेव्हा गुरुवारी जे सांगायचं आहे त्याखालीच सही करते.

करार वाचला गेला नव्हता. रुमिनीला काहीही माहीत नव्हतं. मला होतं.

हार्ताती,
साक्षीदार