झाकणाला पोचा आलेला डबा

सोलापूर, गुरुवार, संध्याकाळ

आज पुन्हा तेच. बोलणी थांबून दोन महिने झाले, तरी सरकारी साहेब फोनवर म्हणतात, "मास्तर, आधी त्यांचं पत्र येऊ द्या." जंगलातले बंडखोर म्हणतात, आधी सरकारचं येऊ दे. आणि मी मध्ये दुभाष्या, तेलुगू येतं म्हणून बोलावलेला निवृत्त शिक्षक! कैदी, बंदुका, गावं सगळं बाजूला. भांडण कशावर, तर पहिलं पत्र कुणी लिहायचं!

चिडून फोन ठेवला, तर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या अक्कांचा डबा अजून आपल्याकडंच हाय की."

मागच्या बैठकीला बंडखोरांकडून आलेल्या अक्कांनी मला मोहाचे लाडू दिले होते. स्टीलचा डबा, झाकणाला पोचा. मी विसरूनच गेलो होतो. हिने तो घासून फळीवर ठेवला होता. रिकामा कसा द्यायचा, म्हणून आज शेंगाचटणी भरली.

मी परत फोन लावला. "साहेब, पत्र राहू दे. अक्कांचा डबा द्यायला जाऊ का?"

साहेब म्हणाले, "जा. कागदावर काही नको."

हे मला आधी का नाही सुचलं?

पिशवी उचलली तर जड लागली. आत पोचा आलेल्या डब्याखाली आमचाही एक डबा, शेंगापोळ्यांनी भरलेला.

"हा कशाला?"

"तो त्यांनी परत द्यायला नको का?"